समज, हा नारळ म्हणजे पृथ्वी

एका गावात एक भोळा तरुण होता. गावाचं नाव तळवाडी, तरुणाचं नाव बयाजी. अंगानं धडधाकट, कामाला वाघ. पंचाईत व्हायची ती त्याला काम सांगणाऱ्याची. सांगितलं तेवढं तो करी. त्याच्या अलीकडं नाही, पलीकडं नाही.

एकदा आई म्हणाली, "बयाजी, चुलीवर दूध आहे. नजर ठेव."

बयाजीनं नजर ठेवली. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली.

"अरे, बघत काय बसलास?" आई ओरडली.

"बघायलाच सांगितलंस ना? पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मध्ये पापणीसुद्धा लववली नाही."

आईचं नाव राहीबाई. नवरा कधीच वारला होता आणि बयाजी एकुलता एक. तिला आता एकच घोर होता. आपण काही जन्माला पुरणार नाही. आपल्यामागं याला नीट काम सांगणारं कोणीतरी घरात पाहिजे. म्हणजे सून पाहिजे.

पण सोयरीक जुळेना. एका ठिकाणी मुलीच्या मामानं विचारलं, "काय करता आपण?"

बयाजी म्हणाला, "आत्ता? आत्ता बसलोय."

तिथून उठावं लागलं.

माळापलीकडं उंबरे नावाचं गाव होतं. तिथं केरूआण्णा राहत. जुन्या भांड्यांच्या बाजारात त्यांना एक पितळी दुर्बीण सापडली होती. तेव्हापासून शेतातून आले की ते माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, जात आणि अंधार पडला की आभाळ बघत. कोणी शिकवलं नाही, आपलं आपणच शिकले. शिकलेलं कोणाला तरी सांगावं असं त्यांना फार वाटे. पण केरूआण्णा वर बघायला लागले की माणसं खाली बघून निघून जात.

त्यांची मुलगी ठकू लग्नाची झाली. आण्णांनी सगळीकडं सांगून ठेवलं, "मला जमीनजुमला बघायचा नाही. मला प्रश्न विचारणारा जावई पाहिजे. उत्तरं माझ्याकडं पडून आहेत."

चार मुलं येऊन गेली. आण्णा म्हणत, "विचार काहीतरी." मुलं म्हणत, "मुलगी कुठाय?"

राहीबाईच्या कानावर हे गेलं. ती म्हणाली, "प्रश्न? आमच्या बयाजीच्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही." तिनं त्याला नवा सदरा घातला आणि बजावलं, "मोठी माणसं काही सांगतील. तू 'समजलं' म्हणायचं."

"समजलं," बयाजी म्हणाला आणि निघाला.

दिवेलागणीला तो उंब्र्यात पोचला. आण्णांनी त्याला सोप्यात बसवलं. "हं, विचार."

बयाजीनं वाटेत चंद्र बघितला होता. तो म्हणाला, "आण्णा, चंद्र कधी भाकरीएवढा असतो, कधी कोरभर असतो, कधी नसतोच. त्याला खातं कोण?"

आण्णांना भरून आलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. ते धावत आत गेले आणि कंदील, नारळ आणि लिंबू घेऊन आले.

"समज, हा कंदील म्हणजे सूर्य."

"समजलं."

"समज, हा नारळ म्हणजे पृथ्वी."

"समजलं." बयाजी जरा मागं सरकून बसला.

"आणि समज, हे लिंबू म्हणजे चंद्र. आता बघ. चंद्राला कोणी खात नाही. त्याच्या अर्ध्या अंगावर ऊन असतंच. फिरता फिरता कधी त्याची उजळ बाजू सगळी आपल्याकडं येते, कधी थोडी येते, कधी पाठच येते. पाठ आली की अमावास्या. समजलं?"

"समजलं," बयाजी म्हणाला. त्यानं कंदील बघितला, नारळ बघितला, लिंबू बघितलं. एवढी मोठी माणसं आहेत, पण सगळं घरातच ठेवलंय, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात आण्णांची बायको, सगळे तिला आक्का म्हणत, पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिनं लिंबू उचललं आणि विळीवर धरलं.

"आक्का, नको!" बयाजी ओरडला. "चंद्र आहे तो!"

पण लिंबू चिरलं होतं.

"गेला," बयाजी म्हणाला. "आता पौर्णिमा कशी व्हायची?"

आतल्या दारातून ठकूचा आवाज आला. "काळजी नको म्हणावं. महिन्यात अष्टम्या दोनच असतात. आक्कानं दोन्ही एकदम केल्या."

आण्णा पोट धरून हसले. पोरगा विनोदी आहे, असं त्यांना वाटलं. बयाजीनं पोह्यांना हात लावला नाही. निघताना आण्णांनी कंदील मालवला, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "उद्या उगवेल ना?"

पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा. रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? आक्कानं तोच नारळ त्याच्या हातात ठेवला.

बयाजीनं दोन्ही हातांनी पृथ्वी धरली आणि जपून चालू लागला. ठेच लागू दिली नाही. ओढ्यावरून एरवी उडी मारायचा, आज गुडघाभर पाण्यातून गेला. राहीबाई दारात वाट बघत उभी होती. तिला चांदण्यात लांबून मुलगा दिसला आणि त्याच्या हातातला नारळ दिसला. आपल्याकडं एखाद्याला वाटेला लावायचं असलं की काय देतात ते तिला ठाऊक होतं.

"नारळ दिला रे माझ्या लेकराला! ही पण सोयरीक मोडली!"

"नारळ नाही, आई. पृथ्वी दिली."

"काय दिलं?"

"पृथ्वी."

"सगळी?"

"सगळी. हळू धर. आपण यातच आहोत."

राहीबाईनं सगळं विचारून घेतलं. पोराला पुन्हा बोलावलंय म्हटल्यावर तिचा जीव खाली पडला. तिनं चटणीसाठी नारळ उचलला आणि पायरीवर आपटायला निघाली. बयाजीनं धावत जाऊन खांबाला मिठी मारली आणि शेजारच्या सरूमावशीला हाक दिली, "मावशी, काहीतरी घट्ट धरा!"

नारळ फुटला.

थोड्या वेळानं बयाजीनं एक डोळा उघडला. "वाचलो. पण पाणी फार सांडलं. समुद्र असणार."

राहीबाईनं त्याला समोर बसवलं. "अरे माझ्या राजा, 'समज' म्हटलं की ते तसं नसतं. तसं नसतं म्हणून तर 'समज' म्हणायचं. लक्षात ठेव."

"लक्षात ठेवलं."

पुढच्या खेपेला आण्णांनी त्याला दुपारचं जेवायला बोलावलं. चैत्राचं ऊन होतं. आण्णा दारातच उभे होते. "ये, बयाजी, ये. हे घर आपलंच समज."

बयाजी उंबऱ्याशी थबकला. 'समज' म्हणाले. म्हणजे आपलं नाही. लोकांच्या घरात असं घुसू नये. तो दोन पावलं मागं गेला आणि रस्त्यावर उन्हात उभा राहिला.

"अरे, लाजतोस काय? मला वडीलच समज."

"समजलं," बयाजी म्हणाला आणि आणखी एक पाऊल मागं गेला.

आक्का बाहेर आली. "बाळा, मला आई समज आणि दोन घास खा."

बयाजीनं तिला लांबूनच हात जोडले. ताटं वाढून झाली होती. भाकरी निवत होती. बयाजी घामानं निथळत होता आणि आण्णा म्हणत होते, "फार मानी मुलगा आहे."

ठकू खिडकीतून बघत होती. तिला मागच्या खेपेचं लिंबू आठवलं. ती म्हणाली, "आण्णा, त्यांना म्हणावं, हे घर परक्याचं समजा."

"असं कसं म्हणू? अपमान होईल."

"म्हणून तर बघा."

आण्णा चाचरत म्हणाले, "बरं बाबा. हे घर परक्याचं समज."

बयाजीनं वहाणा काढल्या, पाय धुतले आणि पाटावर येऊन बसला. "आधीच सांगायचं ना, आण्णा. केव्हाची भूक लागलीय."

आण्णांनी ठकूकडं बघितलं. ठकू भाकरी वाढायला आत गेली होती.

जेवता जेवता बयाजीनं विचारलं, "आण्णा, दिवसा तारे कुठं जातात?"

आण्णांनी घास खाली ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "कुठंच जात नाहीत. आत्तासुद्धा आपल्या डोक्यावर आहेत. सूर्याच्या उजेडापुढं ते दिसत नाहीत, इतकंच. लक्षात ठेव, दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं."

"लक्षात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी राहीबाई चुलीपुढून म्हणाली, "बयाजी, शेळी परसात आहे का बघ."

बयाजीनं बघितलं. "आहे."

अर्ध्या घटकेनं सरूमावशी शेळीचा कान धरून आली. शेळीच्या तोंडात मेथीची जुडी होती. "राहीबाई, माझा वाफा साफ केला हिनं!"

"तू तर म्हणालास आहे!" राहीबाई बयाजीवर कडाडली.

"आहेच की. ही काय."

"परसात दिसत होती का तुला?"

"दिसत नव्हती. पण दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं."

राहीबाईनं कपाळाला हात लावला. "अरे, ते तारे-ग्रहांचं झालं! शेळीला ते लागू नाही. तारे-ग्रहांबद्दल बोलणं निघालं तरच तसं म्हणायचं." मग उन्हातला प्रकार तिला कळला, तेव्हा तिनं आणखी एक गोष्ट समजावली. "आणि कोणी 'हे घर आपलंच समज' म्हटलं ना, तर आपलंच मानायचं. नुसतं बसून खायचं नाही. घरातलं काम दिसलं की हात लावायचा."

"लक्षात ठेवलं."

तिसऱ्या खेपेला बयाजी सकाळीच उंब्र्यात पोचला. घर उघडं होतं. आण्णा शेतात, आक्का गिरणीवर, ठकू नदीवर धुणं घेऊन गेलेली. बयाजी आपल्याच घरात आल्यासारखा आला. पाणी प्याला. काय काम आहे बघत हिंडला. अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग होता. शेजारी भुसा होता. वैशाख लागलेला. पावसाआधी माळवद लिंपायचं हे काय कोणी सांगायला पाहिजे? त्यानं माती कालवली, घमेली भरली आणि जिना चढला.

माळवदावर जिकडं तिकडं चुन्याचे ठिपके पडले होते. पारव्यांनी फार घाण केलीय, असं बयाजी स्वतःशी म्हणाला. त्यानं ते घासून काढले, आणि जे निघेनात त्यांच्यावर जाड हात दिला. दुपारपर्यंत माळवद आरशासारखं झालं.

आता ते ठिपके काय होते ते सांगायला हवं. तो शनी होता. गेला पाऊस सरल्यापासून केरूआण्णा आठवड्याला एकदा शनी कुठं आहे ते बघत आणि आभाळ जसं दिसे तसा माळवदावर एक ठिपका देत. शनी सरळ जात नाही. जाता जाता थबकतो, मागं वळतो, आणि पुन्हा पुढं निघतो. त्याच्या वाटेला एक गाठ पडते. ती गाठ आण्णांना स्वतःच्या हातानं काढायची होती. ती पुरी व्हायला थोडंच राहिलं होतं. म्हणून तर माती महिनाभर अंगणात पडून होती. आक्का रोज म्हणे, "त्या शनीला उठवा माळवदावरून. गेल्या पावसात माझ्या पिठाच्या डब्यात पाणी गळलंय." आणि आण्णा रोज म्हणत, "थांब ग, वळतोय तो."

आण्णा शेतातून आले. माळवदावर चढले. आणि मटकन खाली बसले.

"शनी!" ते म्हणाले. "माझा इतक्या महिन्यांचा शनी!"

आक्का आणि ठकू आवाज ऐकून वर धावल्या. बयाजी थापी धूत उभा होता.

"निघ," आण्णा म्हणाले. "ही सोयरीक होणार नाही. आक्का, याला नारळ दे."

"नको, आण्णा," बयाजी म्हणाला. "मागच्या वेळची पृथ्वी आईनं चटणीत घातली."

"माझा शनी पुसलास तू!"

बयाजीनं विचार केला. शनी हा तारे-ग्रहांतला. म्हणजे इथं म्हणायला हरकत नाही. "शनी आहे तिथंच आहे, आण्णा. मातीखाली आहे. दिसत नाही, इतकंच. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं."

आण्णा उठून उभे राहिले.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच." मग बयाजीनं घसा खाकरला आणि आण्णांच्याच आवाजात सगळं म्हणून दाखवलं. कंदील म्हणजे सूर्य, चंद्राच्या अर्ध्या अंगावर ऊन, पाठ आली की अमावास्या, दिवसा तारे डोक्यावर. एक शब्द खाली पडू दिला नाही. आण्णा घास खाली ठेवून बोलले होते, तर त्यानंही हातातली थापी खाली ठेवली.

सबंध गावात आण्णांचं एक वाक्य कोणाच्या ध्यानात नव्हतं.

ठकू म्हणाली, "आण्णा, मला हाच पाहिजे."

"वेडा आहे ग तो."

"वेडे नाहीत. सांगितलं तेवढं करतात. नीट सांगितलं तर नीट करतील. तुम्हाला नीट सांगता येत नाही. मला येतं."

"आणि लिंपलंय किती सुरेख," आक्का म्हणाली. ती केव्हाची हात फिरवून बघत होती. "यंदा माझं पीठ कोरडं राहणार."

सोयरीक ठरली.

संध्याकाळी आण्णांचा राग उतरला. त्यांना वाटलं, पुसला तर पुसला, निदान खरा शनी तरी याला दाखवावा. त्यांनी ओल्या मातीवर फळी टाकली, दुर्बीण लावली आणि म्हणाले, "डोळा लाव. शनीची कडी बघ. मी पाणी पिऊन येतो."

खालून त्यांनी हाक दिली, "कडी दिसली का?"

"दिसली," बयाजी वरून म्हणाला.

"कशी आहेत?"

"एकच आहे. गंजलीय. तेल घालायला पाहिजे."

आण्णांना ठसका लागला. ते वर आले. बयाजी जिन्याच्या दाराची कडी हातात धरून उभा होता.

आण्णांनी त्याची मान धरून दुर्बिणीकडं वळवली. बयाजीनं बघितलं आणि कितीतरी वेळ डोळा काढलाच नाही. मग हळूच कुजबुजला, "फेटा बांधलाय त्यानं."

"मोठ्यानं बोल की."

"नको. इतका जवळ आलाय. ऐकेल."

जरा वेळानं तो दचकला. "पळाला, आण्णा! दुर्बिणीतून पळाला!"

"तो नाही पळाला. आपण पळालो. आपली पृथ्वी फिरतेय ना. गाडीत बसलं की बाभळी मागं पळताना दिसतात, तसं. बाभळी असतात जाग्यावर. हलते ती गाडी."

"हलते ती गाडी," बयाजी म्हणाला. "लक्षात ठेवलं."

लग्न उंब्र्यात झालं, गोरज मुहूर्तावर. अक्षता पडल्या तशी राहीबाई उठली. नव्या सुनेच्या स्वागताला घरी कोणीतरी पाहिजे, आणि तिच्या घरी तिच्याशिवाय होतं कोण? तिनं बयाजीला बाजूला घेतलं. "मी पुढं होते. उंबऱ्यावर माप भरून ठेवते, ओवाळणीचं तबक घेऊन उभी राहते. आता भटजी सांगतील तसंच करायचं. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही."

"लक्षात ठेवलं."

ती गेली. बयाजीला शहाणपण शिकवणारी ती एकटीच होती, आणि ती पुढं गेली.

अंधार पडला. भटजींनी नवरानवरीला अंगणात आणून पाटावर उभं केलं आणि उत्तरेकडं बोट दाखवलं. "तो ध्रुव. सगळे तारे फिरतात, तो जागचा हलत नाही. आजपासून तुम्हीही त्याच्यासारखे अढळ राहा."

"समजलं," बयाजी म्हणाला.

वाजंत्री लागली. गाड्या जुंपल्या. ठकू आक्काच्या गळ्यात पडून रडली, डोळे पुसून पाटावरून उतरली. बयाजी उतरला नाही.

"चला, जावईबापू," आण्णा म्हणाले.

"कुठं? अढळ राहायचंय."

लोक हसले. मग थांबले. ठकूच्या काकानं एक दंड धरला, मामानं दुसरा. ओढून बघितलं. कामाला वाघ होता तो. काका सरकला, मामा सरकला, बयाजी सरकला नाही.

भटजी धावत आले. "अहो, अढळ म्हणजे मनानं!"

"मन पण इथंच आहे."

"अरे, समज, तू ध्रुव नाहीस," आण्णा काकुळतीला येऊन म्हणाले.

"'समज' म्हणालात. म्हणजे आहे."

एक म्हातारा म्हणाला, "थांबा सकाळपर्यंत. उजाडलं की ध्रुव दिसायचा नाही. मग उतरेल."

"दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं," बयाजी पाटावरून म्हणाला.

"शाब्बास!" आण्णांच्या तोंडून निघून गेलं. आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. ते गप्प झाले. पण फार वेळ नाही. सगळं गाव बयाजीभोवती फिरत होतं. कोणी इकडून ओढून बघे, कोणी तिकडून ढकलून बघे. मधोमध बयाजी, मुंडावळ्या बांधलेला, स्थिर. आण्णांना राहवेना. "बघा! बघा!" ते ओरडले. "अस्सेच फिरतात तारे ध्रुवाभोवती!" आणि पहिल्यांदाच सगळ्या उंब्र्यानं मान वर करून आभाळाकडं बघितलं.

"ते सगळं खरं," आक्का म्हणाली, "पण तिकडं ती माऊली तबक घेऊन उंबऱ्यावर उभी असेल. सून दारात आली नाही तर काय वाटेल तिला? इतक्या वर्षांनी तिच्या घरात दुसरं माणूस यायचंय."

वाजंत्री थांबली.

ठकूनं शालूचा पदर खोचला. "आण्णा, बाजूला व्हा." ती बयाजीसमोर उभी राहिली. "अहो, तुम्ही हलू नका."

"नाहीच हलणार."

"हात हलवू नका. पाय हलवू नका. मानसुद्धा हलवू नका. तुम्हाला कोणी पाटासकट उचललं, तरी पाटावर हलू नका."

"समजलं."

चौघांनी पाट उचलला आणि गाडीत ठेवला. बयाजी देवळापुढच्या दीपमाळेसारखा ताठ होता. ठकू शेजारी बसली. गाडी निघाली.

जरा पुढं गेल्यावर बयाजी म्हणाला, "बाभळी पळतायत."

"पळू देत."

"पण आण्णा म्हणाले होते, बाभळी जाग्यावर असतात." तो घाबरला. "मग मी हलतोय का?"

"आण्णा काय म्हणाले होते? हलते ती कोण?"

"हलते ती गाडी."

"मग तुम्ही कशाला काळजी करता? पाटावर हललात का?"

"नाही."

"झालं तर."

बयाजीचा जीव भांड्यात पडला. हलते ती गाडी. आपण नाही. आपण होतो तिथंच आहोत, आण्णांच्या अंगणात. ओढा आला, गेला. तळवाडीची वेस आली. सरूमावशीचा मेथीचा वाफा आला. शेळी ओरडली. एवढं सगळं गाव आपल्या लग्नाला आलेलं बघून बयाजीला फार बरं वाटलं.

गाडी थांबली. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप होतं. राहीबाई तबक घेऊन उभी होती. उभी राहून राहून तिचे पाय भरून आले होते आणि निरांजनात तिनं कितीदा तरी तेल घातलं होतं. गाडीतली सून तिला दिसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती तशीच तबक धरून उंबऱ्यात उभी राहिली.

बयाजीनं आईकडं बघितलं. बिचारी एवढा माळ तुडवून आली, आणि आता लोकांच्या दारात अवघडून उभी आहे. तिला धीर द्यायला पाहिजे. हात हलवायचा नव्हता, मान हलवायची नव्हती. तो होता तिथूनच, ताठ उभ्यानं, मोठ्या मायेनं म्हणाला,

"लाजतेस काय, आई? आत ये. हे घर आपलंच समज."